मुलांसोबत विमानप्रवास: काळजी कुठे करायची, कुठे सोडायची

लहान मूल घेऊन पहिल्यांदा विमानाने जायचं ठरलं की तिकिटाच्या आधी शंका घरात येऊन बसतात. दोनशे माणसं दारं-खिडक्या बंद करून तासन् तास एकत्र बसणार, कोणी खोकणार, कोणी शिंकणार आणि आपलं दीड वर्षाचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालणार. आजी म्हणते, एवढ्या तान्ह्याला कशाला नेता? शेजारीण सांगते, आमचा नातू दुबईहून आला तो तापाने फणफणतच उतरला. मग सॅनिटायझरच्या बाटल्या, मास्कचं पाकीट, घसा धरला तर हे औषध, पोट बिघडलं तर ते, अशी बॅग फुगत जाते. महिनाभर आधी घेतली असती तर उपयोगी पडली असती ती लस मात्र राहून जाते.

काळजी करूच नका, असं मी म्हणणार नाही. मूल आजारी पडलं की सहलीचा विचका होतो, आणि परक्या गावात रात्री दोन वाजता बालरोगतज्ज्ञ शोधत फिरणं किती जिवावर येतं हे ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांनाच ठाऊक. पण आईबापांच्या अंगात ताकद तरी किती असते? तीतली बरीचशी आपण विमानातल्या हवेची धास्ती घेण्यात घालवतो. ज्या ठिकाणी थोडं लक्ष दिलं तर आजार खरोखर टळतो, ती ठिकाणं वेगळी आहेत: निघण्याआधीचे दीड-दोन महिने, विमानतळावरची गर्दी, मुलाचे हात आणि शेजारची सीट.

हवेची धास्ती

आधी हवेचंच पाहू, कारण सगळ्यात मोठी भीती तिचीच असते. मोठ्या जेट विमानात केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. तिच्यातली जवळपास निम्मी बाहेरून घेतलेली ताजी हवा असते. उरलेली निम्मी आतलीच असते, पण हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडलेली. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. विषाणू तर याहून लहान असतो, मग तो निसटत नाही का, अशी शंका बऱ्याच जणांना येते. ०.३ मायक्रॉनचे कण अडवणं सगळ्यात अवघड, म्हणून तर फिल्टरची परीक्षा त्या आकारावर घेतात. त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण अधिक सहज अडकतात. शिवाय विषाणू सुटा उडत नाही, थुंकीच्या किंवा शेंबडाच्या बारीक थेंबातून येतो.

ही हवा छताजवळून आत येते आणि त्याच रांगेच्या आसपास पायाजवळच्या जाळीतून बाहेर जाते. विमानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती वाहत नाही. म्हणून पंधरा रांगा पुढे कोणी खोकलं तर मूल छातीशी घट्ट धरून बसायचं कारण नाही. लग्नाच्या एसी हॉलमध्ये किंवा रात्रीच्या स्लीपर बसमध्ये हवा इतक्या वेळा बदलत नाही, आणि तिथे आपण मुलांना बिनघोर नेतो. छोट्या गावांना जाणाऱ्या पंख्याच्या लहान विमानांत मात्र असा फिल्टर सगळीकडे असतोच असं नाही. तो प्रवास तासा-दीड तासाचा असतो, एवढंच.

ही यंत्रणा बंद पडली तर काय होतं, हेही माहीत असावं. १९७७ साली अलास्कात ५४ जणांना घेऊन निघालेलं विमान इंजिन बिघडल्यामुळे तीन तास जमिनीवरच अडकलं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले. त्यांच्यात एकीला फ्लू झालेला होता. तीन दिवसांच्या आत ७२ टक्के प्रवासी ताप-खोकल्याने आजारी पडले. उडणाऱ्या विमानापेक्षा उभ्या विमानाकडे जास्त लक्ष द्या, हा त्यातून घ्यायचा धडा. दारं लावून विमान बराच वेळ उभं आहे, गुदमरायला होतंय आणि वरच्या झोतातून काहीच येत नाही असं झालं, तर बेल दाबून केबिन क्रूला सांगा. मूल लहान आहे म्हणून निःसंकोच सांगा.

त्या डोक्यावरच्या गोल झोताबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे बाळाला गार वारा लागेल म्हणून विमानात बसल्या बसल्या तो पिळून बंद करतात, वर टोपरं, मोजे, दुपटं असा जामानिमा असतो. त्या झोतातून येणारी हवा केबिनमधल्या इतर हवेइतकीच स्वच्छ असते. गार वाऱ्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूने होते. झोत मध्यम ठेवा, थेट बाळाच्या तोंडावर न सोडता चेहऱ्याच्या थोडा पुढे पडेल असा वळवा, आणि अंगावर हवं तर पातळ दुपटं घाला. बाळ घामाघूम होऊन किरकिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

म्हणजे विमानात कुणाचं काहीच लागत नाही, असं मात्र समजू नका. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एका विमानात सार्सच्या एका रुग्णामुळे २० हून अधिक जणांना लागण झाल्याचं तपासात दिसलं, आणि त्यांतले काही बऱ्याच रांगा दूर बसलेले होते. पण अशी उदाहरणं थोडी आहेत. रोजच्या सर्दी-फ्लूचा धोका मुख्यतः हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाकडून असतो. म्हणून सीट कुठली घ्यायची हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे.

खिडकी, रांग आणि ट्रे

मुलाला खिडकीची सीट द्या. अमेरिकेतल्या संशोधकांनी साडेतीन ते पाच तासांच्या १० विमानप्रवासांत कोण किती वेळा उठतं, कोण कुणाच्या जवळून जातं याची बारकाईने नोंद ठेवली, आणि २०१८ मध्ये ती प्रसिद्ध केली. खिडकीजवळचे ४३ टक्के लोक प्रवासात जागेवरून उठले, तर वाटेकडेचे ८० टक्के. खिडकीपाशी बसलेल्याचा इतरांशी संबंध सगळ्यात कमी आला. मूल खिडकीशी, मध्ये आई किंवा बाबा, अशी बैठक असली की वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाचा हात त्याच्या डोक्यावरून फिरत नाही. आपल्याकडे गोड बाळ दिसलं की गालाला हात लावल्याशिवाय लोकांना राहवत नाही. “पायाला हात लावा हं, तोंडाला नको,” असं हसून सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

शेजारी बसलेला माणूस सारखा खोकत असेल तर त्याच्याकडे रागाने बघून उपयोग नाही. उड्डाणानंतर रिकामी जागा आहे का, हे क्रूला विचारा. नसली तर त्याच्या आणि मुलाच्या मध्ये तुम्ही बसा. त्याला मास्क देऊन पाहायला हरकत नाही. जादाचे दोन-तीन मास्क जवळ असावेत ते यासाठी. मुलांच्या मास्कबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क कधीही लावू नये, त्याचा श्वास कोंडू शकतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांवर मास्कची सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. त्याहून मोठं मूल आनंदाने घालत असेल तर गर्दीत घालू द्यावा. पण तुम्हालाच सर्दी झाली असेल तर मास्क तुम्ही लावा. बाळाच्या सगळ्यात जवळ तासन् तास असणारं तोंड तुमचं आहे, शेजाऱ्याचं नाही.

आता विमानतळ. तिथे आपण विमानाइतके सावध नसतो आणि नेमकं तिथेच असायला हवं. फिनलंडमध्ये हेलसिंकी विमानतळावर २०१६ च्या हिवाळ्यात, फ्लूच्या दिवसांत, निरनिराळ्या जागी पुसून नमुने घेतले. दहापैकी एका नमुन्यात श्वसनमार्गाच्या आजारांचे विषाणू सापडले. सर्वाधिक कुठे? सुरक्षा तपासणीत आपण मोबाइल, पट्टा, जॅकेट ठेवतो त्या प्लास्टिकच्या ट्रेवर. तपासलेल्या ट्रेंपैकी निम्म्यांवर ते होते. स्वच्छतागृहातल्या नमुन्यांत एकही नाही. हा अभ्यास लहानसा होता, पण तर्काला धरून आहे: त्या ट्रेला दिवसभरात शेकडो हात लागतात आणि स्वच्छतागृहातून बाहेर पडताना निदान काही लोक तरी हात धुतात. मुलाची खेळणी, चोखणी, दुधाची बाटली सुटी ट्रेमध्ये टाकू नका, बंद पिशवीत घालून ठेवा. तपासणीतून बाहेर पडलात की सगळ्यात आधी सगळ्यांचे हात स्वच्छ करा, खाऊचा डबा नंतर. हे एवढं एक जमलं तरी पुष्कळ झालं.

गर्दीत उभं राहण्याचा वेळही कमी करता येतो. लहान मुलं असलेल्यांना आधी चढायला बोलावतात. ती सवलत सामान ठेवण्यापुरती वापरा: दोघे असाल तर एकाने बॅगा घेऊन आधी जावं, दुसऱ्याने मुलाला मोकळ्या जागेत पळू द्यावं आणि शेवटी चढावं. मूलही आत अर्धा तास कमी कंटाळतं. विमानापर्यंत बस असेल तर खचाखच भरलेली पहिली बस सोडा, पुढची येतेच.

हात

मुलांचा बहुतेक संसर्ग हातातून तोंडात, नाकात, डोळ्यांत जातो. विमानात बसल्यावर दोन मिनिटं काढून मुलाच्या हाताला लागणाऱ्या जागा पुसा: हातटेकी, जेवणाचा ट्रे त्याच्या कडांसह, पट्ट्याचं बक्कल, स्क्रीन, खिडकीची झडप. कशाने पुसायचं, इथे बऱ्याच घरांत चूक होते. बाळाचं ढुंगण पुसायचे ते ओले वाइप्स जंतू मारत नाहीत, ते फक्त मळ काढतात. पाकिटावर जंतुनाशक असं लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि पुसल्यावर जागा ओलसर राहून आपोआप वाळू द्या. पुसलं आणि लगेच कोरड्या रुमालाने टिपलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. ट्रे वाळेपर्यंत मुलाला हात लावू देऊ नका.

पुढच्या सीटच्या पाठीवरचा कप्पा मात्र पुसून स्वच्छ होत नाही. अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात २०१४ मध्ये विमानातल्या निरनिराळ्या वस्तूंवर जंतू किती काळ तगतात ते पाहिलं, तेव्हा औषधांना न जुमानणारा एक जंतू कप्प्याच्या कापडावर आठवडाभर टिकला. त्या कप्प्यात लोक वापरलेले रुमाल, केळ्याची सालं, क्वचित डायपरही कोंबतात. दुधाची बाटली, बिस्किटाचा पुडा किंवा लाळेरं तिथे ठेवू नका. त्यासाठी आपली एक कापडी पिशवी पट्ट्याला अडकवून ठेवा.

सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचा असावा आणि हात कोरडे होईपर्यंत चोळावा. मुलाच्या हातात बाटली देऊ नका, ते चाटतं. हात चिकट किंवा मळलेले असतील तर सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंना तो नीट मारत नाही, त्यांना साबण-पाणीच लागतं. म्हणून शौचानंतर, डायपर बदलल्यावर आणि शक्य असेल तेव्हा जेवणाआधी साबणाने वीस सेकंद हात धुवा. विमानातल्या नळाचं पाणी हात धुण्यापुरतं. पिणं, चूळ भरणं, दुधाची पावडर कालवणं यासाठी बाटलीबंद किंवा घरून उकळून थर्मासात घेतलेलं पाणी वापरा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही, पण बाळाचं दूध, पाणी, पेज आणि औषधं यांना प्रवासापुरती सवलत असते. ती पिशवी वेगळी काढून तपासणी करणाऱ्यांना आधीच दाखवा. अंगावर पिणारं बाळ असेल तर हा सगळा खटाटोपच वाचतो.

चोखणी खाली पडते, पडतेच. स्वतःच्या तोंडात घालून पुसून पुन्हा बाळाला देऊ नका. दोन-तीन जादा चोखण्या झिपच्या पिशवीत ठेवा, पडलेली दुसऱ्या पिशवीत जाऊ दे.

खरं काम दीड महिना आधीचं

फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस लागतात. साध्या सर्दीलाही एक-दोन दिवस जातात. कांजिण्यांना दहा दिवसांहून अधिक, गोवरालाही आठ-दहा दिवस. म्हणजे जे मूल विमानातून तापानेच उतरतं, त्याने तो ताप विमानात घेतलेला नसतो. निघायच्या आधीच्या आठवड्यातल्या वाढदिवसातून, निरोपाच्या जेवणातून, मॉलमधल्या चेंडूंच्या टाकीतून किंवा पाळणाघरातून तो घरातूनच बरोबर निघालेला असतो. हे नीट लक्षात घेतलं तर उपायही कळतो. शेवटचे चार-पाच दिवस गर्दीचे कार्यक्रम टाळा, मुलाची झोप पुरी होऊ द्या, बांधाबांध रात्री बारा वाजेपर्यंत ओढू नका. भेटायला येणाऱ्यांना, सर्दी असेल तर फोनवरच बोलू, असं सांगायला कचरू नका.

त्याआधीचं, सहा आठवड्यांपूर्वीचं काम लसींचं. पहिलं नाव गोवराचं, कारण त्याच्याइतका झपाट्याने पसरणारा आजार क्वचितच असेल. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेले दहा जण त्याच्या सहवासात आले तर त्यांतल्या नऊ जणांना लागण होते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी आणि मुंबईच्या इतर वस्त्यांत त्याने काय केलं ते आपण पाहिलं आहे. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेशी न्यायचं असेल तर अमेरिकेत एक डोस लवकर द्यायला सांगतात, आणि पुढचे दोन ठरल्या वेळी द्यावेच लागतात. तुमच्या बाळासाठी हे करायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

दुसरी फ्लूची. आपल्याकडे पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा फ्लूची लाट येते. भारतीय बालरोग संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ही लस दरवर्षी द्यायला सांगते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि संरक्षण यायला पुढे आणखी दोन आठवडे. म्हणजे प्रवासाच्या आदल्या दिवशी टोचून काहीच साधत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी घ्यावी. तान्ह्या बाळाचा प्रवास टाळता येत असेल तर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी होईपर्यंत थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बारसं, मुंज, गृहप्रवेश यांपैकी कशासाठीही महिनाभराच्या बाळाला विमानात घालू नये.

न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नहून डिसेंबरात आजोळी येणाऱ्या मुलांचं गणित थोडं वेगळं असतं. आठ-दहा दिवसांनी ती आजारी पडली की दोष विमानाला आणि पुण्या-मुंबईच्या हवेला मिळतो, प्रत्यक्षात बऱ्याचदा पाणी आणि खाणं कारण असतं. या मुलांना टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या दोन लसी निघण्याआधी द्याव्यात. इथे आल्यावर पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, बर्फ नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत. मावशीच्या घरचा गरम वरणभात हवा तेवढा खाऊ द्या, रस्त्यावरची पाणीपुरी मात्र थांबू शकते. परत गेल्यावर महिनाभरात ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना, आम्ही भारतातून आलो आहोत, हे पहिल्याच वाक्यात सांगा. टायफॉइड, मलेरिया, डेंग्यू त्यांच्या रोजच्या पाहण्यातले नसतात.

कान आणि औषधांची पिशवी

विमान खाली उतरायला लागलं की केबिनमधला दाब वाढतो. लहान मुलाच्या कानाच्या आतली नळी अरुंद असते, सर्दीने सुजली तर बंदच होते, आणि कानात जीवघेणी कळ येते. विमान टेकण्याच्या अर्धा तास आधीपासून बाळाला पाजा किंवा चोखणी द्या. झोपलेलं मूल फारसं गिळत नाही, तेव्हा त्याला उठवा, रडलं तरी चालेल. चार-पाच वर्षांच्या मुलाला चघळायला द्या, पाण्याचे घोट घेऊ द्या, जांभया देण्याचा खेळ खेळा. नाक चोंदलं असेल तर उतरायच्या थोडं आधी मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. केबिनमधली हवा फार कोरडी असते, म्हणून हे थेंब लांबच्या प्रवासात एरवीही उपयोगी पडतात. कानाचा संसर्ग चालू असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा नळ्या बसवलेल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून अंदाज यावा. धडधाकट मुलाला याचा त्रास होत नाही. पण मूल अपुऱ्या दिवसांचं जन्मलेलं असेल, त्याला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, रक्त फार कमी असेल, तर डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय तिकीट काढू नका.

पिशवीत थर्मामीटर, मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणासह पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, मुलाची रोजची औषधं आणि चिठ्ठी हवी. ओआरएस म्हणून मिळणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांना भुलू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं पाकीटच घ्या आणि त्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात कालवा. कफ सिरप घेऊ नका. मध्य प्रदेशात दूषित सिरपने मुलांचे जीव गेल्यानंतर त्याच महिन्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने, दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही सहसा देऊ नयेत, असं बजावलं आहे. मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो. तो ऐकू नका. काही मुलं त्याने झोपत तर नाहीतच, उलट जास्त चेकाळतात, आणि जास्त झालं तर श्वास मंदावतो.

न जाण्याचा निर्णय

ताप, उलट्या-जुलाब, जोराचा श्वास, कानदुखी, अंगावर पुरळ यांपैकी काही असेल तर निघू नका. औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप न आलेला असावा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट ताप असेल तर विमानतळाचा विचारही नको, थेट दवाखाना गाठा. तिकिटाचे पैसे बुडतात, कार्य चुकतं, घरात बोलणी बसतात, हे सगळं खरं आहे. पण त्या विमानात कुणाचं तरी तान्हं असेल, कुणी केमोथेरपी घेणारं असेल, आणि उतरल्यावर तुमच्याच मुलाला कुशीत घ्यायला पंचाहत्तरीचे आजोबा उभे असतील. आपल्या मुलाला दुसऱ्याकडून काही लागू नये असं वाटत असेल तर हा नियम आपल्यालाही आहे.

आणि एक, काळजीबद्दलच. प्रवासभर “हात लावू नको, ते घाण आहे, तोंडात घालू नको” ऐकलेलं मूल स्वच्छता शिकत नाही, ते आईच्या चेहऱ्यावरची भीती शिकतं. त्यापेक्षा दोनच गोष्टी त्याच्या अंगवळणी पाडा: खाण्याआधी हात पुढे करायचे आणि खोकताना तोंड कोपरात घालायचं. बाकी वेळ त्याला ढग बघू द्या. एवढी तयारी केल्यावरही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं हे लहान मुलांचं साधं आयुष्य आहे, त्यातली एखादी प्रवासात आली तर तो तुमचा हलगर्जीपणा नव्हे. तुम्हाला मात्र दिवसरात्र जंतूच दिसत असतील, प्रवास सोडा, बागेतही मुलाला नेववत नसेल, पुसून पुसून हात सोलवटले असतील, तर ते मनावर घ्या आणि डॉक्टरांशी त्याविषयीही बोला. बाळंतपणानंतरच्या वर्षात अशी चिंता पुष्कळ जणींना होते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत.

तिकीट काढलेलं असेल तर आजच मुलाचं लसीकरण कार्ड बाहेर काढा, गोवराच्या दोन्ही डोसांपुढे तारखा आहेत का बघा, आणि नसतील तर प्रवासाची तारीख सांगून डॉक्टरांची वेळ घ्या.